काकींचं ‘बघू’ : काजूच्या कारखान्यातला एक शिमगा

२६ मार्च २०२४, मंगळवार. आदल्या दिवशी धुळवडीची सुट्टी होती. सकाळी साडेआठला भोंगा वाजला तेव्हा कटिंगच्या ३६ मशीनांपैकी ११ मशीनांवर माणूस होतं आणि साल काढायच्या टेबलांवर आठ जणी. हजेरीपत्रकावर नावं ५८, सह्या १९. व्यवस्थापक साहेब दारात डायरी घेऊन उभे होते. त्या डायरीत तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘२६ पासून पूर्ण हजेरी. काकींशी बोलणं झालं.’

बोलणं झालं होतं, हे खरं. मी तिथेच होतो. साहेबांनी विचारलं होतं, “काकी, धुळवडीनंतर सगळ्या येतील ना? तीस तारखेला माल निघायलाच हवा.” काकी टेबलावरचे गर हाताने सारखे करत म्हणाल्या होत्या, “बघू, साहेब.”

साहेबांनी ते ‘हो’ म्हणून लिहून घेतलं. हॉलमधल्या प्रत्येक बाईला ते ‘नाही’ म्हणून ऐकू आलं. मलाही.

कारखाना रत्नागिरी तालुक्यातला, पावसच्या बाजूचा. नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. मी तेव्हा तिथे हिशेब आणि हजेरी बघायचो, एवढं पुरे. काम साधं दिसतं पण हाताचं आहे. बी खळ्यावर वाळते, बॉयलरच्या वाफेवर शिजते, थंड होते, मग पायाने दाबायच्या मशीनवर एकेक बी फोडून गर काढायचा. टरफलातला चीक हात जाळतो, म्हणून बायका बोटांना तेल चोळतात, कुणी राख लावते. पुढे ड्रायर, साल काढणं, ग्रेडिंग, डबा. किलोभर चांगल्या बियांतून पाव किलोच्या आसपास गर पडतो आणि त्या पाव किलोत अख्खा किती आणि पाकळी किती, यावर सगळा धंदा उभा आहे. २४० नंबरचा माल म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर बसतील एवढा मोठा दाणा. तो न फोडता काढणारी बाई दोन-तीन हंगामांनी तयार होते. तिच्या जागी दुसरी बसवता येते, पण मग डब्यात पाकळी वाढते.

काकी तिथे १९ वर्षं. कटिंगला लागल्या, मग ग्रेडिंगला, मग सुपरवायझर. मालक त्यांना वैनी म्हणतात, बाकी सगळे काकी. साहेब तिशीतले, सांगलीकडचे, फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेतलेले, आदल्या ऑक्टोबरात आलेले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाचा पगार अडकवायचा नाही, ड्रायरवर तापमान लिहिण्याची वही त्यानेच सुरू केली. त्या वहीमुळे पहिल्या दोन महिन्यांत करपणारा माल कमी झाला, हे मी माझ्या आकड्यांवरून सांगू शकतो.

त्यांना शिमगा माहीत नव्हता, एवढंच. घाटावर होळी म्हणजे एक रात्र आणि दुसरा दिवस. आमच्याकडे फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सुरुवात होते. काही गावांचा शिमगा तेरसा, म्हणजे होम त्रयोदशीला. काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेला. होम झाला की ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती जिथे बसवतात त्या चौथऱ्यावरून उठते आणि वाडीवाडीने, घराघराने फिरायला लागते. कुठे दोन दिवस, कुठे पाडव्यापर्यंत. वाड्यांचा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला, पण अमुक घरी अमुक दिवशी हे गावच्या बैठकीत, मानकरी आणि गुरव बसून ठरवतात, आणि कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडायला मुंबईहून चाकरमानी येतात, ते याच दिवसासाठी. पालखी दारात आली आणि घरच्या बाईने ओटी भरली नाही, ती कारखान्यात काजू फोडत होती, असं आमच्याकडे होत नाही.

हे सगळं काकींनी एका वाक्यात सांगायला हवं होतं. त्यांनी ‘बघू’ म्हटलं.

या शब्दावर थोडं थांबतो, कारण बाहेरून आलेल्या कितीतरी अधिकाऱ्यांचा पाय इथेच घसरलेला मी पाहिलाय. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. मग ‘बघू’लाच सगळी कामं करावी लागतात. ‘बघते मी’ म्हणजे जबाबदारी घेतली, निश्चिंत राहा. ‘बघू की’ म्हणजे जमेल बहुतेक. आणि मान खाली घालून, हातातलं काम न थांबवता म्हटलेलं नुसतं ‘बघू’ म्हणजे विषय संपला. शब्दकोशात हे सापडणार नाही. पण साहेब सहा महिने तिथे होते, आणि सहा महिन्यांत कुणी त्यांना एवढंही सांगितलं नाही, ही गोष्ट नुसत्या भाषेची नव्हे.

त्यासाठी जानेवारीतल्या एका सकाळकडे जावं लागेल. रात्रपाळीचा ड्रायरवरचा मुलगा झोपला आणि एक घाणा करपला. सात वाजता तो स्वतःहून आला, वही पुढे केली, म्हणाला, “साहेब, माझी चूक झाली.” आदल्या दिवशीच मालकांनी खर्चावरून साहेबांना सुनावलेलं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “हे सगळं याच्या पगारातून कापा.”

कापलं नाही. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ प्रमाणे नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला त्याची बाजू मांडायची संधी द्यावी लागायची, ते मी साहेबांना केबिनमध्ये दाखवलं आणि त्यांनीही लगेच मान्य केलं. पण केबिनमध्ये मान्य केलेलं हॉलमध्ये पोचलं नाही. हॉलला एवढंच कळलं, की जो आपणहून सांगायला गेला त्याची ही गत झाली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत साहेबांच्या टेबलावर एकही वाईट बातमी आपल्या पायाने गेली नाही. पट्टा तुटला तर तो तुटल्यावर कळायचा, तुटायला आलाय हे कळायचं नाही. साहेबांना वाटत होतं घडी बसली.

पुढे एका प्रशिक्षणात एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापिकेचं काम ऐकलं तेव्हा मला हा हॉल आठवला. १९९०च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी, की ज्या गटांत संबंध चांगले तिथे औषधांच्या चुका कमी सापडतील. सापडल्या जास्त. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथली माणसं त्या न घाबरता सांगत होती म्हणून. आमच्या हॉलमध्ये फेब्रुवारीभर चुकांची नोंद जवळपास शून्य होती.

आता माझं. मागच्या पाच वर्षांची हजेरीपत्रकं माझ्याच कपाटात होती. शिमग्याच्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर येते हे मला पाठ होतं. आधीचे व्यवस्थापक, ते इथलेच, त्या दिवसांत बॉयलर साफ करून घ्यायचे आणि मोठी ऑर्डर आधीच्या आठवड्यात उरकायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले आणि ती माहिती त्यांच्याबरोबर गेली. मला साहेबांना सांगता आलं असतं. मी म्हटलं, काकींनी सांगितलं असेल. काकी म्हणाल्या असतील, हिशेबनीसांनी दाखवलं असेल. आणि आत कुठेतरी, खोटं कशाला बोलू, पदवीवाल्याला एकदा कळू दे, असंही होतं.

कळलं. मग जे झालं ते दोन्हीकडून बिघडत गेलं. साहेबांनी दोन दिवसांत ठेकेदाराकडून १४ माणसं आणली. त्यांनी मशीनं भरली, पण २४०चा माल त्यांच्या हातून पाकळी होऊन बाहेर पडू लागला. ६० डब्यांच्या ऑर्डरचे ३८ डबे तीस तारखेला गेले, उरलेले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, व्यापाऱ्याची बोलणी खाऊन. आणि २७ तारखेला, पालखीच्या धामधुमीतून धावत आलेल्या काकींच्या हातात साहेबांनी हॉलमध्येच कारणे दाखवा नोटीस ठेवली. १९ वर्षांतला त्यांच्या फाईलमधला तो पहिला कागद. त्यांनी तो वाचला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत टाकला आणि कामाला लागल्या.

उत्तरात त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं ‘हो साहेब’ एवढंच उरलं. भांडण नाही, उशीर नाही, कामात कसूर नाही. सांगितलं तेवढं, सांगितलं तसं. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, बाई सुधारली.

या ‘हो साहेब’ची किंमत एप्रिलमध्ये मोजली. अवकाळी पावसानंतर बियांचा एक लॉट आला. वरून कोरडा. काकी बी कानाजवळ नेऊन हलवतात. वाळलेली बी आत खुळखुळते, ओली मुकी राहते. त्या दिवशी त्यांनी एक मूठ उचलली, हलवली आणि परत टाकली. मी पाहिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, कारण माल घ्यायचा की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आठ दिवसांनी त्या लॉटच्या गरांवर काळे डाग दिसले.

इथे काकींची बाजू घेणारे बरेच भेटतात. मी घेत नाही, निदान पूर्ण नाही. अपमान झाला होता हे खरं. पण ‘हो साहेब’ हेही एक हत्यार आहे, आणि ते चालवणाऱ्याला चांगलं माहीत असतं की त्याची धार कुठे लागते. नुकसान मालकाचं झालं, आणि ग्रेडिंगला डागी माल आला म्हणून साल काढणाऱ्या बायकांची दिवसाची मजुरी उतरली. त्या बायका काकींच्याच वाडीच्या.

मे महिन्यात साहेबांनी माझ्याकडे पाच वर्षांची हजेरी मागितली. हेतू मला कळला होता. नोटिशीच्या पुढचं पाऊल टाकायला पुरावा हवा होता. मी पाचही वर्षांचे शिमग्याचे आठवडे एका कागदावर काढून दिले. ते बराच वेळ बघत बसले. दर वर्षी तोच खड्डा. आणि त्यातल्या एकाही वर्षी माल उशिरा गेलेला नाही.

“मग जमायचं कसं?” त्यांनी विचारलं.

“काकींना विचारा.”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाही,” मी म्हटलं. इतकं लंगडं उत्तर मी नोकरीत दुसरं दिलेलं नाही.

त्यांचा पहिला प्रयत्न फसला. काकींना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, चहा मागवला, ‘आपण मोकळेपणाने बोलू या’ असं म्हणाले. काकी उभ्याच राहिल्या. चहावर साय धरली. ज्या खोलीत पगार कापण्याच्या गोष्टी होतात तिथे मोकळं कोण होणार? पाच मिनिटांनी ‘हो साहेब’ म्हणून त्या बाहेर आल्या.

दुसरा प्रयत्न त्यांनी ठरवून केला की सहज झाला, मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी नवा लॉट खळ्यावर उतरत होता. साहेब तिथे गेले, पोत्यातून एक बी काढली आणि काकींना म्हणाले, “हे कानाला लावून काय ऐकता तुम्ही? मला शिकवा.” पाणी मोजायचं यंत्र होतं त्यांच्याकडे, तरी विचारलं. काकींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. एक बी त्यांच्या कानाशी हलवली, मग दुसरी. “ही वाजते. ही वाजत न्हाय. ही घ्यायची न्हाय, साहेब.” वाजत नसलेलं पोतं बाजूला काढलं, यंत्र लावलं, ओलावा जास्तच निघाला. नातं, विश्वास, सहकार्य यातला एकही शब्द दोघांच्या तोंडी नव्हता. अर्धा तास फक्त बियांवर बोलणं झालं.

पण माझ्या मते त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची. साहेबांनी नोटीस मागे घेतली आणि ती केबिनमध्ये घेतली नाही. जिथे दिली होती तिथे, हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीआधी उभं राहून म्हणाले, “मार्चमध्ये काकींना दिलेला कागद चुकीचा होता. चौकशी मी करायला हवी होती, केली नाही.” फाईलमधल्या प्रतीवर ‘मागे घेतली’ असं लिहून सही केली, मला शिक्का मारायला लावला. ड्रायरवरच्या मुलाचंही नाव घेतलं. तो मान खाली घालून हसत होता.

२०२५च्या शिमग्याची तयारी डिसेंबरात सुरू झाली. ग्रेडिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला: उभ्या रकान्यात तारखा, आडव्यात वाड्या. बायका सात गावांतून येतात. त्यातली तीन गावं तेरशी, चार भद्रेची. आजवर आम्ही ‘शिमग्याला सगळ्या जातात’ असं म्हणायचो. तक्ता भरल्यावर दिसलं की सगळ्या एकदम जात नाहीत. तेरशा गावांच्या घरची पालखी होऊन जाते तेव्हा भद्रेच्या गावांत अजून होम व्हायचा असतो. एकीने दुसरीचं मशीन धरायचं, हे त्या तक्त्यातून आपोआप निघालं.

रजेची यादी काकी करतील, सही साहेबांची, असं ठरलं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे पगारी रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागायचा, आणि गावची बैठक काही कायदा वाचून बसत नाही. म्हणून दोन टप्पे केले. १५ दिवस आधी नुसती नावं आणि साधारण दिवस. बैठक झाली की नेमकी तारीख. (त्याच कायद्यात पगारी रजेला पात्र व्हायला वर्षात २४० दिवस भरावे लागायचे. आमच्याकडे २४० म्हटलं की बायकांना आधी काजूच आठवतो, त्यामुळे हे समजावताना बराच हशा झाला.) गरज पडली तर रविवारची सुट्टी पुढे-मागे तीन दिवसांत बदलून देता यायची, तिची सूचना आधी लावायची, तेही वापरलं. बॉयलरची सफाई सर्वांत कमी हजेरीच्या दिवशी.

आणि ‘बघू’ बंद. हे काकींनीच सुचवलं, साहेबांनी नाही. तक्त्यावर तीनच खुणा: येणार, नाही येणार, पालखीवर आहे. तिसरी खूण मला फार आवडली. ती ‘बघू’च आहे, पण कशाची वाट बघतोय ते सांगणारं.

शिवाय दर सोमवारी ग्रेडिंगच्या टेबलापाशी उभ्याउभ्या दहा मिनिटं. साहेब एकच प्रश्न विचारतात: “या आठवड्यात काय बिघडणार आहे?” पहिले तीन सोमवार कुणी बोललं नाही. चौथ्या सोमवारी ड्रायरवरचा तोच मुलगा म्हणाला, पंख्याचा आवाज बदललाय. साहेबांनी तेव्हा काही विचारलं नाही, मिस्त्रीला फोन केला. जाब विचारायचा झालाच तर दुसऱ्या दिवशी, एकट्याला, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. तो त्यांनी दोनदा मोडलेला मी पाहिलाय. स्वभाव तापटच आहे.

सगळं जमलं असं नाही. २४० काढणाऱ्यांतली सर्वांत चांगली बाई मार्चच्या गोंधळात कारखाना सोडून गेली ती परत आली नाही. दोघींनी तक्रार केली की काकींनी यादीत आपल्या वाडीला झुकतं माप दिलं, आणि त्यात तथ्य होतं. मग यादी सही होण्याआधी दोन दिवस भिंतीवर लावायची ठरलं. काकींना ते आवडलं नाही. त्या आजही केबिनमध्ये बसत नाहीत, उभ्याच राहतात. साहेबांनी आग्रह सोडून दिला, स्वतःच टेबलापाशी येतात.

२०२५ मध्ये धुळवड १४ मार्चला, शुक्रवारी आली. आम्ही पुढच्या मंगळवारी सर्वांत कमी हजेरी धरली होती, ५८ पैकी ३४. मोठी ऑर्डर आधीच निघाली होती, बॉयलरवाला मंगळवारीच येणार होता. सोमवारी रात्री साडेनऊला साहेबांचा मला फोन.

“काकींचा फोन आला होता. त्यांच्या वाडीची पालखी एक दिवस पुढे गेली, गुरवांकडे सुतक आलंय. उद्या त्यांच्याकडच्या सहाजणी येतील, परवा येणार नाहीत. बॉयलरवाल्याला मी परवा यायला सांगितलंय. तुम्ही तक्ता बदला.”

“काकी आणखी काही म्हणाल्या?”

“नाही. एवढं सांगून ठेवूनच दिला. मागे ढोल वाजत होते.”

मी वही काढली, मंगळवारच्या ३४ वर रेघ मारून ४० लिहिले, बुधवारचे सहा कमी केले आणि दिवा मालवला.